संकासूर उजवीकडून आला

मधल्या वाडीच्या, शिमग्याला सोंगं काढून नाचणाऱ्या नमन मंडळात कृष्ण सारखा बदलावा लागतो. मिशी फुटली की त्याला गवळणींमध्ये उभा करता येत नाही. गणपती एकदा मुंबईला नोकरीला गेला तो परत आलाच नाही. संकासूर मात्र लोकांच्या आठवणीत एकच, सखाराम शितप. त्याच्या आधी त्याचा बाप नाचायचा, पण त्याला बघितलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

काळा अंगरखा, डोक्यावर काळी उंच टोपी, काळ्या मुखवट्याखाली छातीपर्यंत लोंबणारी पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं, हातात पट्टा. एवढं अंगावर चढलं की सखाराम कुणाला ओळखू येत नसे. एरवी तो एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला साधा मेकॅनिक. बायकोने, म्हणजे मथुरेने, मागून हाक मारली तरी हातातला चहा हिंदकळायचा. पण सोंग घेतलं की हाच माणूस मृदंगाच्या थापेवर अशी उडी घ्यायचा की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा पाय आखडून बसायची.

शिमग्यात संकासूर घरोघर फिरतो. तो अंगणात शिरला की पोरं आईच्या पदरात तोंड खुपसून किंचाळतात आणि आया हसत हसत त्यांना पुढे ढकलतात, "रडू नको रे, आपलाच हाय तो!" मग संकासूर पोराच्या पाठीवर पट्ट्याचा हलका फटका देतो. त्याने वर्षभर पोराला बाधा होत नाही अशी समजूत आहे. घरच्या बाईने हातावर नारळ ठेवला की तो पुढच्या अंगणाकडे वळतो. दर वर्षी दर अंगणात तेच वाक्य ऐकून सखारामाला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

अख्ख्या वाडीला भिववणारा हा माणूस स्वतः मात्र एका गोष्टीला भीत असे. पोराच्या अंगातला ताप. कुणाचं पोर तापलंय असं कानावर आलं की त्याचं जेवणावरून मन उडायचं. कारण घरात मथुरेला ठाऊक होतं आणि बाहेर त्याच्या मित्राला, मृदंग वाजवणाऱ्या धाकूला. सखाराम लहान असताना त्याच्या पाठची बहीण तुळसा गोवराने गेली. तेव्हा वाडीपर्यंत लस पोचलेली नव्हती. त्याच्या हातात तिचा हात होता आणि तो हात चुलीतून काढल्यासारखा भाजत होता. बहिणीचा चेहरा त्याला आता नीट आठवत नाही. तो भाजरा हात मात्र आठवतो.

म्हणून नातीच्या बाबतीत त्याने जे केलं ते वेडेपणाचं असलं तरी उगीच केलेलं नव्हतं. मुलगा सुजय बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. सून श्रद्धा दापोलीची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळे छोट्या ईशाची सुरुवातीची इंजेक्शनं दापोलीलाच उरकली आणि त्यांचा ताप आजोबांनी पाहिला नाही. नवव्या महिन्याची, गोवराच्या पहिल्या डोसासकटची, मात्र इथे झाली. सकाळी इंजेक्शनं दिली, संध्याकाळी पोरीचं अंग तापलं. ती किरकिरत होती, रडत होती, दुसऱ्या दिवशी उठून खिदळायलाही लागली. पण सखारामाने तो तळहात धरला होता. त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

"सुई टोचली नि ताप आला. ह्यात कळायचा काय बाकी ऱ्हायला?" तो म्हणाला. "पोरीला बाधला ता. आता नको."

आता ईशा दीड वर्षाची झाली होती, गोवराच्या लशीचा दुसरा डोस द्यायची वेळ आली होती, आणि सखारामाचं "नको" जागचं हलत नव्हतं. श्रद्धाने भांडण केलं नाही. "बाबा, तुमच्यामागून चोरून नेणार नाही," ती म्हणाली, "पण रोज विचारणार." आणि ती रोज विचारू लागली. सकाळी कप पुढे करताना, "बाबा, चहा आणि इंजेक्शन?" सखाराम फक्त चहा घ्यायचा.

हे एका घरापुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सखारामदादा स्वतःच्या नातीला टोचून घेत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा हिशेब वाडीने मांडला आणि आणखी बऱ्याच घरांची पोरं डोसाविना राहिली. त्यातच खालच्या वाडीत दोन पोरांना गोवर निघाला.

उपकेंद्राच्या वेदिका सिस्टर चिपळूणच्या. बोलणं गोड, पण कुणाला सोडायच्या नाहीत. त्या दुपारच्या उन्हात चढण चढून शितपांच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, डोस राहिलेली पोरं तुमच्या वाडीत सगळ्यात जास्त. आणि त्याचं कारण माझ्यासमोर बसून चहा पितंय."

मथुरा पदर तोंडाला लावून हसली. सखाराम कपात बघत राहिला.

सिस्टरनी मग आडवळणाने डाव टाकला. वाडीला भाषण देऊन उपयोग नाही, नमन मात्र वाडी डोळे फाडून बघते. त्यांनी मंडळाचे वग लिहिणारे विनीत मास्तर यांना गाठलं. विषय एकच, आपलं शरीर रोगाशी कसं लढतं. बुधवारी अंगणवाडीत लसीकरण, तर मंगळवारी दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात वग. मास्तर खूश झाले. त्यांना कुणी लिहायला सांगितलं की ते जेवण विसरतात.

तालमीला सगळी मंडळी शाळेच्या पडवीत जमली. मास्तरांनी शरीराचीच वाडी केली होती. चार पोरगे हात धरून वाडीभोवतीचा चिऱ्यांचा गडगा झाले होते, ती कातडी. गडगा कुठे ढासळला की रोग आत घुसणार. रोगाचं सोंग रावणाला दिलं होतं, कारण त्याला दहा तोंडं आणि रोगही आत शिरला की एकाचे दहा होतो. आत शिरलेला रावण पहिल्यांदा भेटणार ती नमनातली खादाड मावशी. परका दिसला की गिळायचा एवढंच तिला ठाऊक. शरीरात अशा पांढऱ्या पेशी असतात, सिस्टर म्हणाल्या, त्या दिसेल तो जंतू खाऊन टाकतात, पण रावण फार झाले तर त्या पुऱ्या पडत नाहीत. म्हणून मावशी पेंद्याला धाडते, पेंद्या बोंबलत गवळणींकडे धावतो आणि गवळणी त्याच रावणाच्या मापाच्या बेड्या घडवायला बसतात. दुसऱ्याच्या मापाची बेडी चालत नाही. ती बरोबर घडवायला दिवस लागतात आणि तेवढ्यात रावण धुमाकूळ घालतो.

"आनि मी?" धाकूने मृदंगावरून विचारलं.

"तुम्ही आठवण," मास्तर म्हणाले. "एकदा बघितलेला रावण तुम्ही विसरत नाही. लढाई संपली तरी तुम्ही इथेच बसून राहता. तो परत आला की तुम्ही थाप मारायची आणि गवळणींनी लगेच बेड्या काढायच्या."

"म्हंजे मी बसूनच," धाकू समाधानाने म्हणाला.

"आणि लस म्हणजे तालीम," सिस्टर म्हणाल्या. "खरा रावण यायच्या आधी एक अशक्त केलेला रावण पाठवायचा. त्याच्यात दम नसतो, पण तोंड तेच. आपली माणसं त्याच्यावर हात साफ करून घेतात."

हे सगळ्यांना पटलं. तालमीशिवाय उभं राहिलं की काय फजिती होते ते मंडळातल्या प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलं होतं. मग संकासुराची पाळी आली. मास्तरांनी त्याला ताप केला होता.

सखारामाने मान डोलावली, घुंगरं कमरेला बांधली, पट्टा हातात घेतला आणि डाव्या पडद्याआड जाऊन उभा राहिला. मंडळाचा दंडकच तसा. उजव्या पडद्याने आपली माणसं येतात, डाव्याने दैत्य. संकासूर नावानेच असुर, तो पिढ्यान् पिढ्या डाव्याने आला होता. मृदंग वाजला, सखाराम रावणाच्या मागोमाग उडी मारून आत आला आणि त्याने पहिला पट्टा मावशीच्याच पाठीत हाणला.

"अहो काका!" सिस्टर ओरडल्या. "तिला काय मारताय? तुम्ही तिच्या बाजूचे!"

"मी?"

"ताप रावणाबरोबर येत नाही. तो घरातलाच. परका शिरलाय हे कळलं की शरीर स्वतः अंग तापवतं. तुम्हाला उजवीकडून यायचंय."

पडवीत कुजबुज झाली. सखारामाने हळू आवाजात विचारलं, "आपलाच शरीर आपल्याला कशाला जाळील?"

"जाळायला नाही. अंग तापलं की जंतूंना वाढणं जड जातं आणि आपल्या पेशी जोरात कामाला लागतात."

"म्हंजे शिमग्यात होळीवर ढोल शेकतो तसा," धाकू म्हणाला. "शेकला की मेला कसा खणखणतो!"

"ढोल तापला म्हनून मरत नाय, धाकू," सखाराम म्हणाला.

धाकूचा हात मृदंगावर तसाच राहिला. दुसऱ्या कुणाला काही समजलं नाही. सखाराम म्हणाला, "माझा बाप डाव्यान् आला, मी डाव्यान् येनार. पटत नसेल तर दुसरा संकासूर बघा." दुसरा संकासूर कुठून आणणार? आणि संकासूर नाही म्हटलं तर मंगळवारी बघायला कोण येणार? मास्तरांनी हात जोडले. "डावीकडून या, पण या."

मंगळवारी पटांगण भरून गेलं. खालच्या वाडीचीही माणसं आली होती. श्रद्धा ईशाला मांडीवर घेऊन पुढच्याच सतरंजीवर बसली होती, शेजारी मथुरा. गडगा ढासळला तेव्हा पोरं हसली, मावशीने रावणाचं एक पुठ्ठ्याचं तोंड खरंच चावलं तेव्हा म्हातारी माणसंही हसली. पेंद्या बोंबलत सुटला, गवळणी बेड्या घडवायला बसल्या. मास्तर घामाघूम होऊन पडद्याआडून वाक्यं पुरवत होते. मग मृदंग बदलला आणि डाव्या पडद्यातून घुंगरं वाजली.

संकासूर आला तो थेट पुढच्या रांगेपर्यंत उडी घेऊन. पट्टा वर, दाढी हवेत. ईशाने एक क्षण बघितलं आणि असा टाहो फोडला की मृदंगही अडखळला.

श्रद्धा हसली. ती दापोलीची असली तरी आई होती, आणि शिमगा तिथेही येतो. तिने पोरीला उचलून त्याच्यासमोर उभं केलं आणि सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली, "रडू नको गं, आपलाच आहे तो!"

सखारामाचा हात वरच राहिला. जन्मभर ऐकलेलं वाक्य त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. समोर नात थरथरत होती आणि ज्याला ती भीत होती तो तिचा आजा होता. तिला दुखवण्याआधी त्याने स्वतःचा हात तोडून दिला असता. आणि हे तिला कळत नव्हतं, कारण तोंड काळं होतं, हातात पट्टा होता. एवढी वर्षं आपण एका काळ्या तोंडाला भीत आलो, ते कुणाचं होतं?

तो गर्रकन वळला आणि आल्या वाटेने डाव्या पडद्याआड निघून गेला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मास्तरांच्या हातातले कागद खाली पडले. रंगमंचावर रावण आणि मावशी एकमेकांचे गळे धरून तशीच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. धाकू मात्र वाजवत राहिला. मित्र आत गेलाय तो बाहेर येणार एवढं त्याला कळत होतं, कुठून येणार ते कळत नव्हतं.

घुंगरं उजव्या पडद्याआड वाजली.

उजवीकडून संकासूर आलेला वाडीने कधी पाहिला नव्हता. एक म्हातारी "अगो बाय!" म्हणून उठून उभीच राहिली. संकासुराने मावशीच्या खांद्याला खांदा लावला, रावणाच्या पाठीत सपकन पट्टा ओढला आणि मास्तरांनी न लिहिलेलं बोलायला लागला.

"मी ताप! वळखलात काय? नाय वळखलात. माज्या बापान् वळखला नाय, मी पन नाय. आमी समजलाव ह्यो रावनाचा मानूस. मी घरातलाच हाय, मेल्यानो! परका आत शिरला की मी उठताव. पेटवताव, नाचताव, त्याला बसू देत नाय." त्याने दम घेतला. "एकदा एका घरात असाच उठलाव. पोर लहान होती. मावशीला दम नव्हता, गवळनींनी रावनाचा तोंड कदी बगलेला नव्हता, बेड्या घडवीपर्यंत येळ निघून गेली. मी नाचलाव. लय नाचलाव. पन तालीम झालेली मानसा नसली तर एकटा संकासूर किती नाचनार?"

धाकूने मान खाली घातली होती आणि बोटांनी नुसता ठेका धरला होता. मथुरेने डोळे पुसले.

"म्हनून सांगताव," संकासूर एकदम गरजला, "तालीम करा! नायतर शिमग्यात एकेकाच्या पाठीत असा पट्टा घालीन की सुई बरी वाटंल!"

हशा उसळला. धाकूने अशी थाप मारली की गवळणींनी बेड्या घेऊन रावणावर धाव घेतली आणि त्या गडबडीत रावणाची उरलेली तोंडंही मावशीने खाल्ली. श्रद्धा हसत होती आणि रडतही होती. ईशा मात्र गप्प झाली होती आणि तोंडात बोट घालून त्या दाढीकडे बघत होती.

बुधवारी अंगणवाडीचं दार उघडलं तेव्हा पायरीवर पहिला नंबर सखारामाचा होता, नातीला कडेवर घेऊन. मागे रांग लागली. सिस्टरनी ईशाला इंजेक्शनं दिली, ती कडकडून रडली, सखारामाने डोळे मिटून घेतले.

"सोबतच्या दुसऱ्या इंजेक्शनाने आज संध्याकाळीच अंग तापेल कदाचित," सिस्टर म्हणाल्या. "गोवराच्या लशीचा ताप आठवड्याने येतो, तोही दोन दिवसांचा. हे औषध सांगितलंय तेवढंच द्यायचं. पण अंग फारच तापलं, पोर मलूल पडली, दूध घेईना किंवा झटका आला, तर मला विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. संकासूर आपला असला तरी त्याला मुक्कामाला ठेवायचं नसतं."

संध्याकाळी ईशाचं अंग तापलं. सखारामाने तिचा तळहात हातात घेतला. तो भाजत नव्हता, पण चांगलाच गरम होता. त्याने तो पुन्हा पुन्हा चाचपला. मग तो उठला, पडवीत गेला आणि गडग्यापलीकडे हाक मारली, "धाकू रे! आमच्याकडं आला!"

तेवढ्यात वरच्या घरातून कुणी ओरडलं, "आमच्याकडं पन!" मग आणखी एका अंगणातून, "आमच्याकडं मगाशीच आलाय, नाचतोय!" शिमगा नसताना त्या संध्याकाळी वाडीत घरोघर संकासुराची चौकशी चालली होती. बायका एकमेकींना औषधाची वेळ विचारत होत्या आणि हसत होत्या.

फक्त धाकूचं तोंड उतरलं होतं. तो चपला फटफटवत आला. "आमच्या नातवाच्या अंगात कायच नाय. गार. खेळतोय मेला. आमची सुई फुकट गेली काय रे?"

श्रद्धाने सिस्टरना फोन लावून विचारलं आणि हसू दाबत सांगितलं, "धाकूकाका, सगळ्यांना ताप येतोच असं नाही. आवाज झाला नाही तरी तालीम होतेच."

"बगा म्हंजे," धाकू म्हणाला, "आमच्या घरात सगलीच मानसा बसून काम करनारी."

सकाळी ईशा उठली ती गार आणि भुकेली. श्रद्धाने तिला पेज भरवली आणि ती पडवीत आली. खुंटीवर संकासुराचा मुखवटा, दाढी आणि घुंगरं लटकत होती. खाली पाटावर दोन नारळ ठेवलेले होते आणि समोर सखाराम बसला होता.

"बाबा, हे काय?"

"नारळ घेतल्याशिवाय तो जात नाय," सखाराम म्हणाला. "एक ईशाचा."

"आणि दुसरा?"

त्याने दाढीकडे बघितलं. "आमच्या तुळसेचा. तवा आमच्यात कुनी त्याला नारळ दिला नाय. शिव्या मात्र सगळ्यांनी घातल्या. मी सुदा."

श्रद्धा त्याच्याशेजारी पायरीवर बसली. ईशा दुडदुडत गेली आणि दोन्ही हातांनी एक नारळ गडगडवायला लागली. तेवढ्यात मथुरा स्वयंपाकघरातून बाहेर आली, पाटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, पण बांगडे चिरून ठेवलेले होते.

"घरातले होते नव्हते ते दोन्ही नारळ हितं," ती म्हणाली. "मगे आता कालवनात मी काय तुमची दाढी वाटून घालू?"

सखाराम इतका हसला की खुंटीवरची घुंगरं हलली. मग त्याने पाटावरचा नारळ कपाळाला लावला, पायरीवर फोडला आणि त्याची अर्धी भकल मथुरेच्या हातात दिली.